लिमयेकाका आणि उरलेली आमटी

दुपारी दीडच्या सुमारास आमची बेल वाजली, की मी वाटी हातात घेऊनच दार उघडतो. मी घरून काम करतो, त्यामुळे ही ड्युटी माझ्याकडे. बाहेर लिमयेकाका उभे असतात. एका हातात आमटीचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव आणि पातेल्याच्या झाकणावर अर्धी पोळी. कसा आहेस, काय चाललंय, असलं काही नाही. "वाटी," एवढंच म्हणतात. झाकण मी उचलायचं, पोळी ठेवून घ्यायची, वाटी पुढे करायची. पातेलं खरवडून झालं की ते वर निघतात आणि जाताना एक वाक्य न चुकता टाकतात, "पोट म्हणजे पिंप नव्हे."

हे वाक्य ते मला उद्देशून म्हणत नाहीत, असं माझ्या बायकोचं, वृंदाचं म्हणणं आहे. माझ्या पोटाकडे बघून म्हणतात, एवढं मात्र मी रोज पाहतो.

लिमयेकाका हे आमच्या कोपर स्टेशनजवळच्या इमारतीतले सगळ्यात बारीक गृहस्थ. शर्ट त्यांनी घातलेला वाटत नाही, वाळत घातलेला वाटतो. ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा सत्काराचा हार त्यांच्या गुडघ्याला लागत होता. अशा माणसाने वजन उतरवण्याचा ध्यास घेतला म्हणून आम्ही सगळे आधी हसलो. पण वजन त्यांचं नव्हतं, काकूंचं होतं.

काकूंचे गुडघे गेले होते. लिमयांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. काकूंची थोरली बहीण आंबिवलीला राहते, तिलाही जिने चढवत नाहीत. त्यामुळे दोघी सख्ख्या बहिणी फोनवरच भेटत होत्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. ते ऐकायला काकूंना नेलं, तेसुद्धा खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्याकडे होता. काकूंना इतकी लाज वाटली की त्या जिनाभर तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, माझी कंबरही धरली.

तेव्हापासून काकांचा जप सुरू झाला. "वजन उतरलं की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की जिना, जिना उतरली की आंबिवली." भेटेल त्याला हे ऐकवायचे. घरात मेथीचं पाणी आलं, भाताऐवजी ज्वारीची भाकरी आली. दुधीचा रस काकांनी आधी स्वतः पिऊन पाहिला आणि तो विषय तिथेच संपला. काकू सगळं मुकाट्याने करत. ताटात पाहावं तर चिमणीचं जेवण. वजन मात्र तसूभर हलेना.

शेवटी काका स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडून बसले आणि त्यांना चोर सापडला. काकूंचं खरं जेवण ताटात नव्हतंच, ते ओट्यापाशी होतं. सगळं आवरायच्या वेळी राहिलेली आमटी त्या उभ्या उभ्या पिऊन टाकायच्या. भाताची खरवड तोंडात, अर्धी पोळी तूपसाखर लावून तोंडात. भाजीच्या कढईत तर भात कालवून कढई अशी पुसून घ्यायच्या की घासायला नको.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"आवरतेय," काकू म्हणाल्या. "अर्धी पोळी ठेवून काय तिची पूजा करू?"

मग कमीच कर म्हणावं, तर काकूंचा हात आखडेना. "कुणी आलं-गेलं तर?" आमच्याकडे भरदुपारी गॅस सिलिंडरवाल्याशिवाय कुणी येत नाही. "मग तो जेवेल," असं काकूंचं उत्तर. फ्रिजमध्ये ठेवलं तर रात्री त्याच संपवणार. टाकून द्यायचं तर दोघांच्याही जिवावर येणार. तेव्हा काकांनी ठरवलं, जे उरेल ते जेवण संपताक्षणी घराबाहेर गेलं पाहिजे.

सुरुवातीला ते आपल्याच वाट्यांतून घरोघर पोचवत. इथे फार मोठा घोटाळा झाला. आलेली वाटी रिकामी परत करणारी बाई आमच्या इमारतीत अजून जन्माला आलेली नाही. आमटीच्या वाटीतून खानोलकरवहिनींनी चिरोटे पाठवले. उसळीच्या वाटीतून वरच्यांच्या नारळाच्या वड्या गेल्या. वृंदाने तर साजूक तुपातला शिरा केला, वर बेदाणे लावले. अन्न टाकायचं नाही म्हणून काकूंनी तेही सगळं आवरलं. महिन्याअखेरी त्या काट्यावर उभ्या राहिल्या तर काटा आणखी पुढे.

काका तडक आमच्याकडे आले. "वृंदा, माझं काही चुकलंय का गं?"

"काका, रिकामी वाटी कशी देऊ?"

रिकामी दे, असं त्यांच्याही तोंडून निघेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला, की भांडं हातातून सोडायचंच नाही. ज्याने त्याने आपापली वाटी आणावी. तेव्हापासून मी वाटी घेऊन दार उघडायला लागलो.

दुसरा नियम त्याहून अवघड होता. दोन्ही ताटं एकदम वाढायची. "मग तुम्हाला गरम पोळी कोण करून घालणार?" काकू खरोखरच रागावल्या. "गार खाईन," काका म्हणाले. जन्मभर तव्यावरची पोळी थेट ताटात पडलेला माणूस. तो आता डब्यातली गार पोळी इतकी सावकाश चावतो, की काकूंना नाइलाजाने बसून, चवीने जेवावं लागतं. त्यांचं होईपर्यंत हा शेवटचा घास तोंडात घालत नाही.

आणि वजन उतरायला लागलं. आमच्या मते ते कुठे नाहीसं झालं नाही, विंगमध्ये वाटलं गेलं. माझ्या वाट्याला बरंच आलं. अखेर डॉक्टर हो म्हणाले आणि पुन्हा खुर्ची निघाली. मी नेहमीचा पाय धरला, खुर्ची खरोखर हलकी लागत होती. काकूंनी या वेळी तोंडावर पदर घेतला नाही. खानोलकरवहिनींच्या दारापाशी थांबायला लावून त्यांनी चिरोट्यांचं प्रमाण विचारून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं, असा काकांचा फोन आला. पण दुपारची बेल बंद झाली. भूक लागते म्हणून नव्हे, पण मला करमेना. एके दिवशी ठाण्याला काम निघालं तेव्हा दवाखान्यात डोकावलो. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना वर सोडत नव्हते. तळमजल्याच्या बाकावर काका डबा उघडून बसलेले दिसले. शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन.

"आली का थाळी?" ते विचारत होते.

"आली. तुम्ही घेतलंत?" फोनमधून काकूंचा आवाज.

"घेतलंय. कर सुरू. सावकाश."

मग काका जेवायला लागले. मी शेजारी बसलो. ते हळूच मला म्हणाले, "काल दारापर्यंत चालली. पुढच्या महिन्यात आंबिवली." थोड्या वेळाने फोनवर हात ठेवून म्हणाले, "नोकरीभर मी गरम पोळ्या खाऊन उठत गेलो रे. मागे ही काय खाते, कधी खाते, कधी वळून बघितलं नाही. स्टुलावर बसलो तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आता ती एकटी जेवतेय म्हटलं की मला घास उतरत नाही."

काकांनी डब्यात पाहिलं. तळाशी आमटी राहिली होती.

"एकट्याचा अंदाज येत नाही," ते म्हणाले. "हात दोघांचाच पडतो. वाटी आणलीस?"

"काका, ठाण्याला येताना वाटी कोण आणतं?"

तेवढ्यात फोनमधून काकूंनी विचारलं, "अहो, राहिलंय का काही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तीर्थ घेतो तसा. त्यांनी डबा तिरका केला. आमटी त्यांनी स्वतः केलेली होती आणि भयंकर खारट होती. मी दोनदा हात पुढे करून सगळी प्यायलो.

"नाही गं," काका फोनमध्ये म्हणाले, "काही राहिलं नाही."