पाहुण्यांची बातमी

चिमीला शब्दाचं पहिलं अक्षर गिळायची सवय होती. पाण्याचं ‘आणी’, खाऊचा ‘आऊ’. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की तिला टोकू नका, तिच्याशी नाटक-नाटक खेळा. आईबाबा दोघंही नोकरीवाले, तेव्हा हे काम अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे आलं. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, उसवलेलं पुन्हा शिवायचा त्यांना कंटाळा नव्हता. दोघं दुकानदार-गिऱ्हाईक व्हायचे, नाहीतर फुंकर मारून कापसाची शर्यत लावायचे. शर्यतीत आजोबा रोज हरायचे.

मग डॉक्टर येऊन गेले. त्यांनी जिन्यात जे सांगितलं, ते बाबांनी फक्त आईच्या कानावर घातलं. आजोबांसमोर दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारू लागले.

रविवारी सगळे आजोबांच्या खोलीत चहा घेत असताना चिमी स्टुलावर चढली आणि बातम्या देऊ लागली.

“नमस्कार. आजची ठळक बातमी. आमचे आजोबा आता थोड्या दिवसांचे पाहुणे आहेत.”

एक अक्षर गळलं नाही. आईची बशी मात्र कलंडली.

“पाहुणे येणार आहेत, असं म्हणायचंय तिला,” बाबा घाईनं म्हणाले. “अण्णा, तिचे उच्चार अजून...”

“उच्चार चोख आहेत,” आजोबा म्हणाले. “कोण येणारेत पाहुणे?”

बाबांच्या तोंडून निघून गेलं, “ताई.”

बहीणभावाचं भांडण होऊन ताईनं घराचा उंबरठा सोडला, त्याला वर्षं लोटली होती. आता तिला आणणं आलं. बाबांनी फोनवर नाना सबबी सांगितल्या, ती बधेना. शेवटी खरं सांगावं लागलं. इकडे चिमीसमोर कोण बरळलं, यावरून नवराबायकोत अबोला सुरू झाला.

ताई आली ती डोळे सुजवून. रडू नकोस, सहज आलेय म्हण, असं बाबांनी तिला दारातच पढवलं. “सहज आले,” एवढं ती म्हणाली आणि आजोबांच्या कुशीत कोसळली.

बाबांनी चिमीला बाजूला घेऊन विचारलं, ते वाक्य तिला कुणी शिकवलं.

“आजोबांनी. मला ‘पाहुणे’ येत नव्हतं ना, मग खूप वेळा म्हणून घेतलं.”

बाबा खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. “अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं? मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगायला घेतलं होतं रे,” ताईच्या पाठीवरून हात फिरवत आजोबा म्हणाले. “तुझ्याकडे बघितलं की शब्दच फुटेना.”

बाबा त्यावर काहीतरी म्हणाले. काय, ते कुणालाच कळलं नाही.