चोराच्या दोन खेपा

घरात अलार्म बसवायचा की नाही, यावरून चष्मेवाले आणि त्यांची बायको यांच्यात तीन आठवडे चर्चा चालली होती. चर्चा म्हणजे चष्मेवाले बोलत आणि बाई भाजी चिरत. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथे एक विक्रेता तुटलेली काडी बसवून घ्यायला आला आणि जाताना अलार्मचं रंगीत माहितीपत्रक ठेवून गेला. तेव्हापासून चष्मेवाल्यांना आपलं घर म्हणजे झाकण नसलेलं दुधाचं पातेलं वाटू लागलं होतं.

बाई पोस्टात खिडकीवर बसत. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे त्यांनी नवऱ्याचंही ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की आपल्या इमारतीत समोरच्या काकू आहेत, तळमजल्यावर निवृत्त मास्तर आहेत. जिन्यात मांजर शिरलं तरी ते कुणाचं याची चौकशी होते.

"मांजराची होते," चष्मेवाले म्हणाले. "चोराची होईल कशावरून?"

"मग बघूया की."

बघण्यासाठी माणूस घरातच होता. बाईंचे थोरले दादा चार दिवसांसाठी आले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं त्यांनी बिघडलेली उपकरणं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यापासून मात्र ते गुडघ्यांवर हात ठेवून असे बसायचे, की जणू कुणी आतून हाक मारणार आहे. बहिणीला ते बघवेना, म्हणून तिने त्यांना बोलावून घेतलं होतं. पहाटेच्या बसने आल्यामुळे इमारतीत त्यांना अजून कुणी पाहिलं नव्हतं.

बेत असा ठरला, की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, नवराबायको कामावर असताना, दादांनी टीव्ही उचलून खाली न्यायचा. कुणी अडवलं तर अलार्म नाही. दुकानापर्यंत पोचले तर अलार्म. दादांनी हातच जोडले. कॉलेजातून आपण कधी टाचणीसुद्धा घरी आणली नाही, मग या वयात टीव्ही कुठे चोरायचा, असं त्यांचं म्हणणं. बहिणीने समजूत घातली तेव्हा ते एका अटीवर तयार झाले. कुणी विचारलं तर ते खरं तेच सांगणार होते. ही अट बाईंना फारच पसंत पडली.

अकरा वाजता दादा चादरीत गुंडाळलेला टीव्ही घेऊन बाहेर पडले आणि पहिल्याच पावलाला समोरचं दार उघडलं. काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि टीव्ही बिघडला का, असं विचारलं.

"नाही, चांगला चालतो," दादा प्रामाणिकपणे म्हणाले. "चोरून नेतोय."

काकू मनापासून हसल्या. हल्ली दुरुस्तीवाले लुटतातच, पण तोंडाने कबूल करणारा तुम्हीच पहिला, असं म्हणून त्यांनी आतून बंद पडलेला मिक्सर आणला. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी इस्त्री आणली. दादा दोघींनाही परत परत सांगत होते, की मी खरंच चोर आहे. आणि दर वेळी त्यांच्याविषयीचा आदर वाढत होता. खाली मास्तरांनी तर इमारतीचं मोठं दार धरून ठेवलं, टीव्हीचा कोपरा घासू नये म्हणून चादर सारखी केली आणि भिंतीवरचं बंद घड्याळ काढून तयार ठेवलं. एवढं सगळं एका वेळी नेणं शक्य नव्हतं. दादा टीव्ही दुकानात ठेवून परत गेले आणि बाकीचं सामान दुसऱ्या खेपेत घेऊन आले.

चष्मेवाले इतके खूश झाले, की त्यांनी एका गिऱ्हाइकाला जवळचा नंबर तपासायला दूरचा तक्ता वाचायला लावला. संध्याकाळी बाई आल्या आणि त्यांनी घड्याळ, मिक्सर आणि इस्त्रीकडे पाहिलं.

"हे परत कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

हा विचार कुणीच केला नव्हता. तसंच परत करावं, तर तुमची परीक्षा घेतली आणि तुम्ही नापास झालात, हे सांगावं लागणार. त्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करून द्यावं, असं ठरलं. दादा तर त्याआधीच कामाला लागले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याचे बारीक पेचकस घेऊन त्यांनी मिक्सर उघडला होता, आणि बहिणीने जेवायला दोनदा हाक मारली तरी त्यांना ती ऐकू गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाई पोस्टातून दमून आल्या, तोच काकूंनी त्यांना जिन्यात गाठून दुरुस्तीवाल्याचा पत्ता विचारला. बाईंनी खिडकीवरच्या सवयीने, वर न बघता, उत्तर दिलं, "आम्ही कुणाला बोलावलंच नव्हतं."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर काकू दोन मजले खाली पोचल्या होत्या.

अर्ध्या तासात मास्तरांच्या खोलीत इमारतीची सभा भरली. पोलिसांत तक्रार करावी आणि सगळ्या इमारतीला मिळून मोठा अलार्म बसवावा, असं ठरत आलं होतं. मास्तरांनी चोराचं वर्णन लिहवून घेतलं. चोर सहा फूट उंच होता आणि त्याच्या नजरेतच गुन्हेगारी होती. शिंपीणबाईंच्या मते त्याच्या गालावर व्रणही होता. टीव्ही ज्यांचा गेला, त्या चष्मेवाल्यांची सही तक्रारीवर सर्वांत वर घ्यायची होती.

चष्मेवाल्यांना घाम फुटला. तीन आठवडे अलार्मचे गोडवे गाणारा हा माणूस उभा राहिला आणि अलार्म किती निरुपयोगी असतो, हे सांगू लागला. पोलिसांची तर मुळीच गरज नाही, चोरालाही मन असतं, तो एखादे वेळी स्वतःच सामान परत आणून देईल, असं ते म्हणाले. लोक त्यांच्याकडे कीव करून बघत राहिले. टीव्ही गेल्याचा धक्का बसलाय, असं काकू हळूच बोलल्या. बाई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. रडतायत असं सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात दारात दादा आले. सभेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घड्याळ कुणाचं?"

सहा फुटांचं वर्णन लिहवणाऱ्या मास्तरांनी सव्वापाच फुटांच्या दादांकडे पाहिलं. घड्याळ चालू होतं. "माझं," म्हणत त्यांनी ते घेतलं.

मग मिक्सर फिरला, इस्त्री तापली आणि दादांनी, कुणी न विचारताच, सगळी हकीकत सांगून टाकली. चष्मेवाले जमिनीकडे बघत बसले. आता आयुष्यभर या जिन्याने मान खाली घालून जावं लागणार, असं त्यांना वाटलं. पण मास्तरांना राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा.

"आधी तारीख न सांगता परीक्षा?" ते म्हणाले. "हे नियमात बसत नाही. आमची फेरपरीक्षा झाली पाहिजे."

ती व्हायला वेळ लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दादा आपली पिशवी घेऊन बससाठी निघाले. दारातच काकू टेबलफॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांना कसंबसं टाळून दादा एक मजला उतरले, तर शिंपीणबाईंनी शिलाई मशीनच जिन्यात आडवं लावलेलं. त्यातून वाट काढून ते खाली पोचले, तेव्हा मास्तर मोठ्या दाराला कडी घालून पाठ टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात रेडिओ होता.

"माझी बस आहे हो," दादा म्हणाले.

"बसा आधी," म्हणत मास्तरांनी त्यांची पिशवी ताब्यात घेतली.

वर कठड्याशी नवराबायको वाकून बघत होते. खाली दादा पायरीवर बसले होते. रेडिओचं मागचं झाकण त्यांनी काढलंही होतं आणि ते बसचं नाव काढत नव्हते.

"अडवला की नाही चोराला?" बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी आत जाऊन विक्रेत्याला फोन केला, अलार्म नको म्हणून सांगितलं आणि पुन्हा कठड्याशी येऊन उभे राहिले.

"कुणाकडे छोटा पेचकस आहे का?" खालून दादांनी विचारलं.

चार दारं एकदम उघडली.