पान चौदा, पाठकोरं

"राजीनामा!" टोस्टला लोणी लावता लावता डॉ. चंद्रशेखर म्हणाले. "मंत्र्याचा राजीनामा. आजच. जमलं तर जेवणाआधी."

सुप्रभाताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. नवऱ्याने सकाळी कुणाचाच राजीनामा मागितला नाही, तर त्या आधी त्यांचा रक्तदाब तपासत. कार्डिफच्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं लोकांना भूल देऊन डॉक्टर रिटायर झाले होते. बत्तीस वर्षं माणसं झोपवली, आता देशाला जागं करायचं, असं त्यांनी निवृत्तीच्या भाषणातच जाहीर केलं होतं. तेव्हापासून ते पूर्णवेळ विरोधी पक्षाचे होते.

"आता काय केलं सरकारनं?"

"अगं, चहा उघड्यावर टाकला!"

बातमी खरोखरच गंभीर होती. देशावर संकट आलं तर चहाचा राखीव साठा कुठे असेल, कोणत्या क्रमाने वाटला जाईल आणि दूध आधी घालायचं की नंतर यावर भांडणं झाली तर कोण मध्यस्थी करेल, याची एक संवेदनशील सरकारी योजना होती. तिचं चौदावं पान सोमवारी संध्याकाळी मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये बेवारस सापडलं होतं. पेपरने पहिल्या पानावर फोटो छापला होता. मागच्या बाजूला परकीय लिपीत हाताने लिहिलेला मजकूर होता, तो मात्र देशाच्या सुरक्षेसाठी छापला नव्हता.

"समासात हिरव्या शाईने काहीतरी लिहिलंय," डॉक्टर टॅबलेट डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "'हे वाक्य फार लांब आहे.' पेपर म्हणतो, हा आतल्या कुणा बड्या अधिकाऱ्याचा बंडाचा सूर असावा."

जिन्यावर काहीतरी धप्पकन वाजलं. ती कस्तुरी होती. सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली, सरकारी खात्यात नवीन लागलेली. तिचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं. आज बुधवार होता. तिच्या एका हातात मोजा होता आणि दुसऱ्या हातात हिरवं पेन.

"बाबा, स्क्रीन दाखवा."

तिने फोटो पाहिला आणि ती शेवटच्या पायरीवर खाली बसली.

"हा माझा हँडरायटिंग आहे."

"बड्या अधिकाऱ्याचं ना?" सुप्रभाताई म्हणाल्या.

"आई, मी प्रूफरीडिंग करते! स्क्रीनवर मला चुका दिसत नाही, म्हणून मी घरी प्रिंट काढला. घरी प्रिंट काढायला स्ट्रिक्टली बॅन आहे. पण मी सगळे चाळीस पानं प्रिंटरजवळ ठेवली होती, श्रेड करायला. मग दिवाळी आली, मी विसरले. आणि आता तिथे काहीच नाही आहे!"

डॉक्टरांनी टोस्ट खाली ठेवला. लोणी लावलेली बाजू खाली गेली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"प्रिंटरजवळ म्हणजे... खिडकीखालच्या गठ्ठ्यात?"

"हो."

"एका बाजूनेच छापलेली?"

"बाबा."

"अगं, पाठकोरे होते ते!" डॉक्टर जवळजवळ दुखावले. "स्वच्छ, पांढरे, पाठकोरे कागद! श्रेड कसले करतेस?"

डॉक्टरांच्या अभ्यासिकेत एक ड्रॉवर होता. त्यात घरात आलेल्या प्रत्येक कागदाची कोरी पाठ आकाराप्रमाणे लावून, रबरबँड घालून ठेवलेली असे. कौन्सिलची पत्रं, बँकेची पत्रं, दातांच्या डॉक्टरची स्मरणपत्रं. त्यांनी इतक्या वर्षांत कोरी वही विकत घेतली नव्हती. आपला एफआरसीए या भूलतज्ज्ञांच्या परीक्षेचा अभ्यासही आपण हॉस्पिटलच्या जुन्या मेनूकार्डांच्या पाठीवर केला, हे ते पाहुण्यांना दुसऱ्या चहाच्या वेळी सांगत.

आता तिघं मिळून राष्ट्रीय गुपित गोळा करू लागले. पान तीन फ्रिजवर सापडलं, पाठीवर प्लंबरचा नंबर. पानं आठ ते अकरा बेसनाच्या डब्यांखाली, फळीवर अंथरलेली. पान बावीस मराठी मंडळाच्या हजेरीला लागलं होतं. पान सव्वीसवर 'उदयला द्यायची उत्तरं' असं शीर्षक होतं आणि खाली सतरा मुद्दे होते.

"एकोणचाळीस," कस्तुरीने मोजलं. "चौदावा कुठे गेला, बाबा? मागे काय लिहिला होता?"

"आठवत नाही गं. इतक्या चिठ्ठ्या लिहितो मी."

"आणि प्लीज सांगा की तुम्ही आज कुठे काही पोस्ट नाही केला."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी पहाटेच ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू केली होती. मागणी एकच होती: हे पान ज्याच्या हातून बाहेर गेलं, त्याला शोधून काढा आणि कुणाचीही गय करू नका. पहिली सही त्यांची होती. आता एकोणीसशे झाल्या होत्या.

"काढून टाका ना!"

"काढता येत नाही. मीच तशी सेटिंग केली. म्हटलं, सरकारनं दबाव आणला तर?"

तेवढ्यात बेल वाजली. साडेदहा झाले होते, म्हणजे उदय. उदय आणि चंद्रशेखर एकाच वर्षी एकाच हॉस्पिटलात रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये राजकारणावरून भांडले. ते भांडण अजून चालू होतं. उदयराव सरकार पक्षाचे. सरकार हरलं की त्यांना सर्दी व्हायची.

"वहिनी, चहा टाका, साठा संपायच्या आत!" दारातूनच ते ओरडले. "चंदू, वाचलंस ना? एका कागदाचं काय घेऊन बसलात रे तुम्ही लोक?"

एरवी यावर सतरा उत्तरं तयार असत. ती आत्ता कस्तुरीने पाठीमागे धरली होती.

"चूक होते माणसाच्या हातून," डॉक्टर पुटपुटले.

उदयरावांनी मफलर काढायचं थांबवलं. "बरं नाही का तुला?"

"तसं नाही. उगाच कुणा गरीब कर्मचाऱ्यावर..."

"गरीब कर्मचारी? अरे, हा कट आहे कट!" उदयराव खुर्चीत बसले. "मी पेपरला पत्रच पाठवलंय. माझं स्पष्ट मत आहे, की तुमच्या पक्षाचा एखादा माणूस सरकारी माणसाच्या अगदी घरात राहून, विश्वास संपादन करून, कागद पळवतोय. म्हातारा असणार. ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही असा."

सुप्रभाताईंना ठसका लागला. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"मूर्खासारखं बोलू नकोस," डॉक्टर चिडून म्हणाले. आरोप तंतोतंत खरा असला की माणूस जास्त चिडतो. "कागद घरातून गेला असेल, पण मँचेस्टरला कोणी नेला? तुमच्याच पक्षाच्या कुणीतरी निष्काळजी माणसानं! गाडीत घालून, आरामात, गाणी ऐकत नेला असणार!"

टीव्हीवर एक निवृत्त सुरक्षातज्ज्ञ बोलत होते. मागच्या मजकुरातले तीन आकडे आपल्याला विश्वसनीय सूत्रांकडून कळले आहेत, ते म्हणाले: चाळीस, दोन आणि सहा. त्यांनी हे आकडे नकाशावर मांडले. ती जागा स्पेनजवळच्या समुद्रात निघाली. तिथे काय आहे, असं विचारल्यावर ते सूचकपणे गप्प बसले. समुद्राबद्दल बोलायला सरकारने नकार दिला.

"चाळीस, दोन, सहा," स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुप्रभाताई सावकाश म्हणाल्या. "अहो. चाळीस चकल्या, दोन डबे चिवडा, सहा अनारसे."

कस्तुरीने टीव्ही बंद केला.

"अन्वीचा फराळ," डॉक्टर म्हणाले. डब्यात काय आणि किती, याची चिठ्ठी घातल्याशिवाय त्यांच्या घरातून फराळ बाहेर जात नसे. चिठ्ठी अर्थातच पाठकोऱ्यावर.

अन्वी ही उदयरावांची मुलगी. मँचेस्टरला शिकत होती.

"पण तो डबा तर..." उदयराव म्हणाले आणि थांबले. तो डबा रविवारी ते स्वतः गाडीत घालून, आरामात, गाणी ऐकत मँचेस्टरला घेऊन गेले होते. त्यांनी फोन काढला.

"अन्वी, बाळा, फराळ मिळाला ना तुला?"

"हाय बाबा," पडद्यावर अन्वी अर्धवट झोपेत होती. "मिळाला. आय मीन, मिळाला होता. सोमवारी मी तो माझ्या फ्रेंडकडे, उल्काकडे घेऊन जात होते आणि ट्रॅममध्ये विसरले. सॉरी! काकूंना नको सांगू हां, त्यांना वाईट वाटेल."

"मी इथेच आहे," सुप्रभाताई म्हणाल्या.

"ओह. हाय काकू. चकली बेस्ट होती, एक खाल्ली होती."

फोन बंद झाला. दोन्ही पक्ष सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यात उशी नव्हती.

"काय आहे चंदू," उदयराव घसा साफ करून म्हणाले, "हे पेपरवाले कशाचंही अवडंबर माजवतात."

"अगदी बरोबर. आणि विरोधकांनी तरी इतकं ताणायचं का?"

"नाही, नाही, सरकारनंही खुलासा करायला हवा होता."

"सरकार तरी काय काय बघणार, उदय?"

कस्तुरी दोघांकडे बघत उभी होती. मग तिने लॅपटॉप उघडला.

"काय करतेस?"

"बॉसला फोन. मी सांगणार आहे सगळा. त्यांनी शोधायच्या आधी."

"अगं, माझं नाव सांग!" डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. "कागद मी उचलले. तुझी नोकरी नको जायला. मी लिहून देतो. सुप्रभा, एक कागद दे."

कुणीच कागद दिला नाही.

कस्तुरीची बॉस कॅरिस ही स्वॉन्झीची, मोजकं बोलणारी बाई. कस्तुरीने घरचं प्रिंटिंग, ड्रॉवर, फराळ आणि ट्रॅम असा सगळा प्रवास एका दमात सांगितला. कॅमेऱ्याच्या कडेला दोन म्हातारे शाळेत उभं केल्यासारखे उभे होते. कॅरिसने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागे काय लिहिलंय, ते वाचता येईल तुला? आमच्याकडे सकाळपासून तीन भाषातज्ज्ञ बसलेत. तिघंही अक्षराला अडलेत."

"डॉक्टरचं अक्षर आहे ते," सुप्रभाताई मागून म्हणाल्या.

कॅरिसने फोटो पाठवला. डॉक्टरांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं आणि कस्तुरीने इंग्रजीत सांगितलं. चकल्या चाळीस. चिवडा दोन डबे. अनारसे सहा, जपून. उल्काला तिखट देऊ नये.

"हे शेवटचं," कॅरिस म्हणाली, "ही धमकी आहे का?"

"नाही," कस्तुरी म्हणाली. "तिला ॲसिडिटी आहे."

कॅरिसने ते लिहून घेतलं. मग ती काहीतरी तपासत भराभर टाइप करू लागली. सुप्रभाताईंनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"कस्तुरी," कॅरिस अखेर म्हणाली, "ही योजना सोमवारी सकाळी नऊला आपण वेबसाइटवर टाकली. लोकांच्या सूचना मागवायला. पूर्ण, चाळीसही पानं. कागद ट्रॅममध्ये सापडला संध्याकाळी सहाला."

"म्हणजे?"

"म्हणजे गुपित फुटलं तेव्हा नऊ तासांपासून ते गुपितच नव्हतं. सगळ्यांना ई-मेल गेली होती. मंत्र्यांच्या ऑफिसला ती आत्ता, दहा मिनिटांपूर्वी सापडली."

"मग... माझा प्रोबेशन?"

"घरी प्रिंट काढल्याबद्दल तुला दोन तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागेल. बाकी, मी आकडे बघितले. तीन दिवसांत ती योजना अकरा जणांनी उघडली. शेवटपर्यंत वाचलेली तू एकटी. तुला काढलं तर देशाचा चहा कुठे आहे हे खात्यात कुणालाच माहीत नसेल. शुक्रवारी कन्फर्मेशनचं पत्र मिळेल. आणि कस्तुरी, ते वाक्य खरंच फार लांब होतं."

स्क्रीन काळी झाली. कस्तुरी हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. डॉक्टर मटकन खाली बसले. उदयरावांनी न विचारता त्यांची नाडी धरली आणि ठीक आहे अशी मान हलवली. सुप्रभाताईंनी उरलेल्या चकल्यांचा डबा उघडून मधोमध ठेवला. चिठ्ठी न घालता.

दुपारी मंत्र्यांनी संसदेत खुलासा केला, की कागद जाहीरच होता आणि पाठीवर घरगुती खाद्यपदार्थांची यादी आहे. विरोधी नेत्याने ताडकन उठून विचारलं, की कोणते खाद्यपदार्थ, हे जाणण्याचा जनतेला हक्क नाही का? संबंधित कुटुंबाचं नाव सांगणार नाही, असं मंत्री म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी सोफ्यावरून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते सरकारसाठी टाळ्या वाजवत होते, त्यामुळे ताल जमत नव्हता. उदयराव मात्र अस्वस्थ होते. पेपरने त्यांचं कटाचं पत्र छापलं होतं आणि लोकांना ते पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात कस्तुरीच्या ट्रेनिंगची पुस्तिका पोस्टाने आली. 'कागदपत्रांची सुरक्षितता', चाळीस पानं. कस्तुरीने ती दोन तास वाचली, परीक्षा दिली, पास झाली आणि पुस्तिका टेबलावर टाकून फिरायला गेली.

साडेदहाचा चहा चालला होता. बोलता बोलता डॉक्टरांचा हात आपोआप पुस्तिकेकडे गेला. त्यांनी पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग शेवटून एक बघितलं. मागची बाजू छापलेली होती. प्रत्येक पानाची. समासापर्यंत, गच्च.

त्यांनी पुस्तिका हळूच खाली ठेवली.

"राजीनामा," ते म्हणाले. "मंत्र्याचा. आजच."

उदयरावांनी पुस्तिका उचलली, दोन्ही बाजू पाहिल्या आणि चकली मोडली.

"या वेळी," ते म्हणाले, "माझीही सही घे."