उमाटे सरांची वारनिंग

मानवजातीला वेळीच सावध करणारी माणसं प्रत्येक काळात जन्माला येतात. आमचे शेजारी उमाटे सर त्यांच्याही वरच्या पायरीवर बसतात. सावध करणारा नीट सावध करतो की नाही, हे ते तपासतात. प्रत्यक्षात बसतात ते बोरगाव मेघेतल्या आपल्या घराच्या खिडकीशी, बनियनवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

सकाळी तिथून आरोळी येते, "आली! वारनिंग आली!" मी इथं राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा नळ आला समजून बादली घेऊन धावलो होतो.

सर वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले. देशोदेशीची माणसं मिळून एक फुकटचं सॉफ्टवेअर सांभाळतात, त्यात आता सरही आहेत. प्रोग्राम कोणत्या तुकड्यांतून कसा बांधायचा, याची कृती एका फाइलीत लिहितात. तिला मेकफाइल म्हणतात. तिच्यात जिनसांना नावं द्यावी लागतात. काही नावं आपल्या मशीनला कळतात, दुसऱ्याच्या मशीनला कळत नाहीत. असं घरगुती नाव दिसलं की या सॉफ्टवेअरनं "हे सगळीकडे चालणार नाही" असं बजावायचं असतं. ते बजावतं का, हे पाहायला सर मुद्दाम एक वाकडं नाव लिहितात आणि वाट पाहतात.

"म्हणजे सर, आपल्याच पायरीवर केळ्याची साल टाकायची, आणि कोणी 'सांभाळून' म्हणून ओरडलं की खूश व्हायचं?"

"बरोब्बर! भाऊ, तुमाले समजलं. माह्या पोरीले अजून नाई समजलं."

ही सवय लॅपटॉपपुरती राहिली असती तर गल्ली सुखी असती. पलीकडच्या बोबड्यांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली. स्थळ : मुलाच्या काकांचे शेत. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि पत्रिका परत नेऊन दिली.

"काका कोनते? बाहेरगावच्या पाहुन्याले कसं समजन? तुमच्या घरी चालते, म्हनून सगळीकडे चालन काय?"

बोबडे बोलेनासे झाले. लग्नाच्या दिवशी नागपूरकडचं अर्धं वऱ्हाड दुसऱ्या काकांच्या शेतात पोचलं आणि तिथं कपाशीला फवारणी चालली होती. तेव्हापासून बोबडे अजिबातच बोलत नाहीत.

गेल्या वर्षी सरांची बायको, आमच्या वहिनी, वारल्या. सरांची आरोळी बरेच दिवस बंद होती. मग एका सकाळी पुन्हा आली, आणि गल्लीत कोणी तक्रार केली नाही.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी मंजू पुण्याहून आली. तिनं मला हाक मारून थेट स्वयंपाकघरात नेलं. "काका, तुम्हीच सांगा यांना." ती एकेक डबा उघडून दाखवू लागली. चहा लिहिलेल्या डब्यात मोहरी. साखर लिहिलेल्या डब्यात मीठ. रवा लिहिलेल्यात ओवा. तिच्या हातात नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, टेबलावर डिंक. "परवा यांनी शिऱ्यात काय घातलं, विचारा! जगाच्या चुका काढून राहिले, आणि घरात हे? आज मी सगळ्या डब्यांवर बरोबर नावं लावून जाणार."

माझं मत मंजूच्या बाजूनं होतं. पण सरांनी साखर लिहिलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"तुह्या आईले ठाऊक होतं, कशात काय हाय ते," सर म्हणाले.

"आई नाही आता, बाबा."

"म्हनूनच शिकून राह्यलो ना. अजून सगळे नाई समजले. कधी चुकते, मंग एखादा ध्यानात येते. तू चिठ्ठ्या लावशीन, तं हे कोनाचंही स्वयंपाकघर होऊन जाईन."

सर माझ्याकडे वळले. "भाऊ, टेस्टचा दुसरा भाग तुमाले सांगाचा राह्यला. वारनिंग बंद कराचीही सोय रायते. एखाद्यानं समजून-उमजून तसं नाव ठेवलं, आनं वारनिंग बंद केली, तं मंग त्या सॉफ्टवेअरनं गप बसाचं. बोललं, तं टेस्ट फेल."

मंजूनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, पर्समध्ये टाकला आणि डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं.

"बसा भाऊ, चहा मांडतो," सर म्हणाले. गॅस पेटवून, वहिनी दुधात वेलची कशी घालायच्या, हे ते सांगू लागले. सांगता सांगता छातीशी धरलेला डबा उघडला आणि पातेल्यात चमचे टाकले. मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. वारनिंग बंद होती.

चहा खारट झाला होता.