खांबावरचा अनार्गिरोस

"पहिला तोच येईल! मी मेलो तरी त्याची पायरी चढणार नाही!" असं अनार्गिरोस अख्ख्या किप्सेली वस्तीला चौदा वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. 'तो' म्हणजे अथेन्सच्या दुसऱ्या टोकाला राहणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याचंही नाव अनार्गिरोस स्कोर्दास! दोघांना आजोबांचंच नाव ठेवलेलं, इकडे रीतच तशी. आणि भांडण कशावरून? तर सोंगट्यांच्या डावात चुलतभावाचा फासा टेबलाखाली गेला. उचलला याने. "पाच पडले," हा म्हणाला. "सहा असणार," तो म्हणाला. झालं! लहानपणी एका ताटात जेवलेले दोघे, त्यानंतर बोललेच नाहीत.

मंगळवारी सकाळी अनार्गिरोस ब्रेड आणायला खाली उतरला, तर शेजारच्या फोतिनीबाई त्याला बघून किंचाळल्याच.

"अगं बाई! तुम्ही?"

"मग कोण असणार?"

"अहो, पण तुम्ही तर गेलात ना!"

"कुठे?"

"वर!"

दारासमोरच्या विजेच्या खांबावर काळ्या चौकटीचा निधनाचा कागद डकवलेला होता, इकडे लावतात तसा. अनार्गिरोस स्कोर्दास, वय एकाहत्तर, अंत्यविधी आज अकरा वाजता. तोवर बेकरीवाला पांदेलिस ब्रँडीची बाटली आणि भलंमोठं पुष्पचक्र घेऊन डोळे पुसत हजर!

"सोन्यासारखा माणूस हो!" म्हणत त्याने वर पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "जिवंत आहात? मग हे चक्र आता कुणाच्या गळ्यात घालू?"

"कोणत्या गाढवाचं काम हे!" अनार्गिरोसने कागद टर्रकन ओढून काढला. छापणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा म्हणून त्याने चष्मा लावून तळाची ओळ वाचली. 'शोकाकुल पत्नी एव्गेनिया.'

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने जन्मात लग्न केलं नव्हतं.

"पांदेलिस," तो कसाबसा म्हणाला, "ते चक्र दे. आणि टॅक्सी थांबव."

स्मशानात त्याला पाहून दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. चेहराही तोच ना! एकीने तर उघड्या शवपेटीत डोकावून खात्री करून घेतली. एरवी तो पोट धरून हसला असता. आज त्याला रडू आवरेना.

एव्गेनिया पुढे आली. "आलात, भावोजी! तुमच्या दारासमोर कागद लावायला यांनीच जाण्याआधी सांगितलं होतं. म्हणाले, 'हट्टी आहे तो, पहिला यायचा नाही. मीच जातो त्याच्या दारी.'"

पहिला तोच आला होता. अनार्गिरोस पेटीवर वाकला. चौदा वर्षं दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"सहाच होते रे ते! मी बघितले होते!"