सोफ्यावरची वांगी

फेब्रुवारी लागला की सप्रेकाकांच्या घरी सोफ्यावर बसायला मिळत नाही. तिथे वांगी बसलेली असतात. म्हणजे वांग्याची रोपं, दह्याच्या रिकाम्या डब्यांतून, खिडकीकडे तोंड करून. टोमॅटो जेवणाच्या टेबलावर. वायफायच्या डब्यावर ओल्या फडक्यात भेंडीचं बी, कारण काकांच्या मते थंडीत नेदरलँड्समधल्या या अख्ख्या नायमेखन शहरात सतत उबदार अशी तेवढीच एक जागा आहे. पाहुण्यांनी जमिनीवर बसायचं आणि हळू बोलायचं.

काका चिप्सच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. खायच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. दिवसभर धुळीचा कण नसलेल्या खोलीत पांढरा झगा घालून काम करतात आणि घरी येऊन कोपरापर्यंत मातीत हात घालतात. रोज संध्याकाळी रोपांवरून हलकेच तळवा फिरवतात. "वाऱ्याची सवय लागते. नाहीतर इथला वारा एका दिवसात आडवं करतो." शेजारच्या डच आजींनी सांगितलंय, मे अर्धा झाल्याशिवाय अंगणात काही लावू नका, पहाटेचं दव गोठतं. हा नियम काका सोवळ्यासारखा पाळतात. घाई त्यांना कशाचीच चालत नाही. कोणी घर घेतलं, नोकरी बदलली, लग्न ठरवलं, तरी म्हणणार, "आधी मूळ धरू दे."

एका वर्षी त्यांनी रोपांसाठी जांभळा दिवा आणला. आठवड्याभरात वस्तीचा पोलीस दारात. खिडकीतला उजेड बघून कोणीतरी कळवलं होतं की आत गांजा पिकतोय. काकांनी त्याला बूट काढायला लावले, सोफ्यापुढे जमिनीवर बसवलं आणि भरल्या वांग्यांवर बराच वेळ ऐकवलं. जाताना तो एक रोप घेऊन गेला. ऑगस्टमध्ये त्याच्याकडून वांग्याचा फोटो आला, खाली प्रश्न: हे सालासकट खायचं का?

मला त्यांनी मिरची दिली. लग्न होऊन मी नुकतीच इथे आले होते. नवरा विद्यापीठात संशोधनाला. सकाळी सायकलवर जायचा तो संध्याकाळी यायचा. पुण्यात माझी बँकेतली नोकरी होती. इथे दिवसभर मी आणि पाऊस. पाडव्याच्या जेवणात काकांनी रोप माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "गुरुवारी मला सुट्टी असते. बघायला येत जाईन."

आणि ते खरंच यायचे. मिरचीचं पान खालून-वरून बघायचे, चहा प्यायचे, माझी चौकशी करायचे. लायब्ररीत नवख्यांसाठी डच बोलायचा वर्ग भरतो, तिकडे जात जा म्हणून सांगायचे. मी हो म्हणायचे आणि जायचे नाही.

महिनाभरात मिरची कुजली.

"काका, मिरची गेली."

"पाणी जास्त झालं," एवढंच म्हणाले. चहा घेतला आणि गेले. मला वाटलं, आता काही येणार नाहीत.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली. हातात दुसरं रोप वगैरे काही नव्हतं.

"काका, आता काय बघायला आलात?" मी हसत विचारलं.

ते वाकून बुटांची नाडी सोडत होते. तसेच थांबले.

"आमची ही अशाच दिवसांत आली होती इथे. मी रोज संध्याकाळी विचारायचो, कशी आहेस? ती म्हणायची, ठीक. मला वाटलं, ठीक."

"मग?"

"दिवाळीला नाशिकला गेली, ती परत आली नाही. भांडण नाही काही. फोन असतो आमचा." त्यांनी नाडी पुन्हा बांधली. "कोट घाल. तो वर्ग आज असतो."

लायब्ररीच्या दाराशी मात्र ते थांबले. "मी आत येत नाही. आलो तर तू माझ्याशी मराठीतच बोलत बसशील."

वर्ग सुटल्यावर बाहेर आले, तर काका समोरच्या बाकावर छत्री धरून बसलेले.

"कसं झालं?"

"काही कळलं नाही. रडू येत होतं सारखं."

"बरं झालं सांगितलंस," काका म्हणाले, आणि सायकल हातात धरून घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.