अनसाक्काचे नवसाचे कोंबडे

एका जंगलात एक कोल्हा राहत होता. पण बाळांनो, त्याचं काम शेवटी शेवटी आहे, तोवर त्याला तिथंच बसू द्या. जंगलाला खेटून एक गाव होतं. गावाच्या टोकाला एक घर होतं. आणि घरामागच्या परसात अनसाक्काच्या नऊ कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा सुखाने नांदत होते.

नऊ कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण अगदी बरोबर आहे. अनसाक्काला ते कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं होतं. आपोआप जमलेल्या गोष्टीत माणसाने हात घालू नये. पण कुणी हात घातलाच नाही, तर मी तुम्हाला गोष्ट काय सांगू?

एका वर्षी भुरी खुडूक झाली. भुरी म्हणजे अनसाक्काची लाडकी कोंबडी. रंगाने राखी, स्वभावाने शहाणी. अनसाक्का भाकरी थापायला बसली की ती चुलीपाशी येऊन बसायची आणि दोघी गावभरच्या गप्पा मारायच्या. खुडूक झालेल्या कोंबडीला अंडी उबवायला बसवतात. गोल अंड्यातून कोंबडी निघते आणि टोकदार अंड्यातून कोंबडा, असं अनसाक्काच्या माहेरी मानत. म्हणून तिने एकेक अंडं हातात फिरवून अकरा गोल गरगरीत अंडी निवडली आणि भुरीखाली ठेवली.

एकवीस दिवसांनी अकराच्या अकरा पिल्लं निघाली. तीन महिन्यांनी कळलं, की त्यांतले आठ कोंबडे आहेत.

"अंडी गोलच होती," अनसाक्का म्हणाली. "ह्यांचंच कायतरी चुकलंय."

आठ कोंबडे वयात आले आणि परसाचा आखाडा झाला. सूर्य एकच होता, पण आठजण त्याला आठ वेगवेगळ्या वेळी उठवू लागले. दाणे टाकले की मारामारी. दाणे नाही टाकले तरी मारामारी. म्हातारा कोंबडा पहिल्याच दिवशी गोठ्याच्या छपरावर चढला आणि तिथूनच त्याने राजीनामा दिला. भुरी आणि तिच्या मैत्रिणींचे तर हाल कुत्रा खाईना. दिवसभर कुणी ना कुणी मान चोचीत धरून पाठीवर चढलेला. त्यांची पाठीची पिसं गेली, भूक गेली, मग अंडी गेली.

अनसाक्काची सून इंदी सरळ बाई होती. ती म्हणाली, "आत्याबाई, एक ठेवा. सात रश्श्यात जाऊ द्या."

"अगं, मी त्यांची नावं ठेवलीत. फौजदार, गुलछबू, तुरेराव. नाव ठेवलेल्याला कापतात का?"

"मग नावं विसरा. मी मसाला वाटते."

इंदी पाटा-वरवंट्याकडे वळली. आणि बाळांनो, घाईत सापडलेल्या माणसाला जे सुचतं ते फार अचाट असतं. त्या गावात एक रीत होती. कोंबडा म्हसोबाला बोलला, म्हणजे 'अमुक होऊ दे, हा कोंबडा तुला देईन' असा नवस केला, की नवस फळेपर्यंत त्या कोंबड्याला कुणी हात लावायचा नाही. विकायचा नाही, कापायचा नाही, दगडसुद्धा मारायचा नाही.

आता नवस फळलाच नाही तर?

अनसाक्काने परसात उभं राहून माळावरच्या म्हसोबाकडे तोंड केलं आणि धडाधड आठ नवस बोलून टाकले. फौजदार दिला, माझा गुडघा सोळा वर्षांच्या पोरीचा होऊ दे. तुरेराव दिला, व्याह्यांनी नेलेलं खोरं परत येऊ दे. एक दिला, सरपंचाचं भाषण पाच मिनिटांत संपू दे. एक दिला, स्वयंपाकघरात मोबाईलला रेंज येऊ दे. आणि गुलछबू दिला, सुनेने माझ्या आमटीला चांगली म्हणू दे. बाकीचे तीन तर याहून अवघड होते.

कोंबड्यांनी ते ऐकलं. कोंबडे मूर्ख असले तरी आपल्या मानेच्या बाबतीत नसतात. त्या दिवसापासून ते छाती काढून चालू लागले.

इंदी मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, "आत्याबाई, आमटी चांगली झालीय."

परसात गुलछबूचा तुरा एका बाजूला कलला.

"चांगली?" अनसाक्का म्हणाली. "आणि मीठ?"

"मीठ जरासं..."

"झालं. नवस फळला नाही."

तिसऱ्या दिवशी अनसाक्काने आमटीत मुठीमुठीने तीनदा मीठ घातलं. इंदीने डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत अख्खी वाटी संपवली, वर दुसरी मागून घेतली आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "फार चांगली."

"खोटी स्तुती म्हसोबाला चालत नाही," अनसाक्का म्हणाली. इंदी तांब्याने पाणी पीत होती.

ही बातमी गावात फुटली. तेव्हा कळलं, की प्रत्येक घरात एखादा जादा कोंबडा आहे आणि तो कापायला कुणाचाच हात उठत नाही. बायका पाटीखाली कोंबडे झाकून येऊ लागल्या. "अक्का, ह्याला तुमच्या परसात सोडू का? नवसाचा आहे. आमच्या ह्यांना स्वतःचा टॉवेल स्वतः सापडू दे, असा बोललेय." देवाच्या कोंबड्याला नाही कोण म्हणणार? एक आला, चार आले, महिन्याभरात कोंबडे एकतीस झाले. तालुक्याहून एक पाहुणे आले आणि त्यांनी परसाला 'आदर्श कुक्कुट संवर्धन' असा फलक दिला. अनसाक्काने तो दाराशी लावला. त्यावर फौजदार चढून बसू लागला.

आणि कोंबड्या? अनसाक्काला त्यांचीही काळजी होतीच. तिने जुनं हिरवं लुगडं फाडून बाराही कोंबड्यांना पाठीवर बांधायच्या झुली शिवल्या. पिसांच्या जागी कापड. झुली अंगावर चढताच बाराजणींना वाटलं, आता सुटलो. त्यांना काय वाटलं ते सोडा, कोंबडे खूष झाले. आता त्यांना पाय ठेवायला बरी पकड मिळाली.

एके दुपारी भुरी झूल फरफटत चुलीपाशी आली.

"अक्का, एक तर ते, नाहीतर आम्ही."

"असं काय बोलतेस? तुझीच लेकरं आहेत त्यांत."

"म्हणून तर सांगते. एक ठेव. बाकीच्यांचं काय ते कर."

"माझ्यानं व्हायचं नाही गं."

"मग आमच्यानंही व्हायचं नाही," भुरी म्हणाली, आणि अकराजणींना घेऊन कुंपणाच्या भोकातून जंगलात गेली.

तिथं कोल्हा बसलेलाच होता. मी म्हटलं होतं ना?

"तुझ्याकडे कोंबडे किती?" भुरीने विचारलं.

"एकही नाही," कोल्हा म्हणाला. तो खोटं बोलत नसे. "पण मी आहे."

"तू दिवसातून किती वेळा मानेला धरतोस?"

कोल्ह्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो विचार करून म्हणाला, "दिवसातून कसला? प्रत्येकीला आयुष्यात एकदाच."

"एकदाच ना? मग आम्ही राहतो," भुरी म्हणाली, आणि बाराजणी उंबराच्या उंच फांदीवर चढून तीन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपल्या. कोल्हा खाली मान वर करून बसला. त्याची मान अजून दुखते म्हणतात.

इकडे अनसाक्काच्या घरात चूल होती, भाकरी होती, पण गप्पा मारायला कुणी नव्हतं. तिला भुरीची इतकी आठवण येई, की भाकरी थापता थापता ती रडायची आणि भाकरी खारट व्हायच्या. आठव्या दिवशी तिला राहवलं नाही. ती परसात आली आणि म्हसोबाला म्हणाली, "भुरी ह्या परसात परत येऊ दे. एकतीसच्या एकतीस देते."

हा नवस तिने मनापासून केला होता. पहिलाच. त्यांतले तेवीस कोंबडे दुसऱ्यांचे आहेत, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

परसात एकदम चिडीचूप झालं. एकतीस कोंबड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाळांनो, त्या घटकेपासून कोंबड्यांची भांडणं थांबली. कुणी कुणाला टोचेना. दाणे वाटून खाल्ले जाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ पाळ्या लावून ते कुंपणाभोवती फिरू लागले, आणि भोकापाशी तर फौजदार जातीने उभा. अनसाक्काला भरून आलं. ती इंदीला म्हणाली, "बघ, किती समजूतदार झाले."

चार दिवसांनी सकाळी अनसाक्का पीठ मळत असताना परसात प्रचंड गलका झाला. ती तशीच पिठाच्या हातांनी धावली. धुरळा खाली बसत होता. एकतीसजण कुंपणाला पाठ लावून ओळीने उभे होते आणि आभाळाकडे बघत होते. कुंपणाच्या काट्याला हिरव्या लुगड्याची एक चिंधी लटकत होती. चिंधीला दोन राखी पिसं चिकटली होती.

पलीकडे जंगलात काहीतरी फडफडत लांब जात होतं.

अनसाक्काने चिंधी काढून हातात घेतली. ती कुणाची झूल हे ओळखायला तिला वेळ लागला नाही, पिसं भुरीची होती आणि टाके तिचे स्वतःचे.

इंदी मागे येऊन उभी राहिली. आज तिच्या आवाजात मसाला नव्हता. "आत्याबाई, भुरी आली होती. नवस फळला. आता एवढा फेडून टाका, मी स्वतः जंगलात जाऊन तिला घेऊन येते."

अनसाक्काने चिंधीकडे पाहिलं. मग कोंबड्यांकडे पाहिलं. फौजदार, गुलछबू, तुरेराव. एकतीस माना. सगळ्या तिच्याकडे वळलेल्या.

तिने चिंधीची घडी करून ती कमरेला खोचली.

"कुंपणापर्यंत आली," शेवटी ती म्हणाली. "परसात नाही आली."

आणि पदराने डोळे पुसून तिने कोंबड्यांना दाणे टाकले.

तात्पर्य : परसात कोंबडे किती असावेत, याचा उगाच घोळ घालू नये. एक असो, आठ असोत की एकतीस, सगळे अगदी गुण्यागोविंदाने राहतात. त्याआधी प्रत्येक कोंबडीने तेवढं घर सोडलं पाहिजे.